घरच्यांची गोष्ट लिहिताना घरच्यांना विचारता का?

तलावपाळी (शनिवार, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी, एरवी मी इथे वाचतच असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांब होईल कदाचित, सांभाळून घ्या.

मी ठाण्यात राहतो, बँकेत नोकरी, आणि गेली सहा-सात वर्षं कथा लिहितोय. दोन दिवाळी अंकांत आल्यात, बाकी सगळ्या वहीत. लिहायला वेळ म्हणजे दुसरा-चौथा शनिवार आणि रविवार, बस. त्यातही सकाळ आपली नसतेच, रविवारी सहाला आम्ही चार कॉलेजचे मित्र येऊरच्या पायथ्याशी भेटतो, तासभर चालतो, मग मामलेदारची मिसळ, आणि दहाला लेकीचा स्विमिंगचा क्लास. ती पाण्यात असते तेव्हा मी बाहेरच्या बाकावर दोनशे पानी लाँगबुक घेऊन बसतो, पाऊण तास मिळतो. खरं सांगतो, माझं निम्मं लिखाण त्या क्लोरीनच्या वासात झालंय. दुपारी जेवण, दळण, आठवड्याच्या इस्त्रीचे कपडे आणणं, कोणी ना कोणी पाहुणा. सुट्टीच्या शनिवारी दोन ते चार मात्र माझे, बेडरूमचं दार बंद, हे बायकोशी ठरलेलं आहे आणि ती ते पाळते. तिचे दोन ते चार रविवारी, तेव्हा लेक आणि आई माझ्याकडे.

तर मूळ मुद्दा. आमची आई गिरणगावातली. आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचे खात्यात होते. १९८२ च्या संपात काय झालं ते घरात कधी कोणी बोललं नाही, मलाही एवढंच माहीत की आजोबा गावी गेले आणि नंतर गिरणी नाही ती नाहीच. जानेवारीत एका रविवारी दुपारी आई आणि बायको स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या, मी हॉलमध्ये पडलेलो, त्यांना वाटलं झोपलाय. आणि आई बायकोला सहज, भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती की संपाच्या वर्षी ती नववीत होती, तिने शाळा सोडली, आजी आणि ती दोघीच खोली धरून राहिल्या आणि ती पहाटे उठून शेजारच्या खानावळवाल्या बाईंकडे भाकऱ्या थापायला जायची. वर्षभर. मग परत शाळेत. मी पस्तीस वर्षांचा आहे आणि हे मला माहीतच नव्हतं. आई एक वर्ष उशिरा मॅट्रिक झाली हे माहीत होतं, पण आम्हाला सांगितलं होतं की कावीळ झाली होती.

मी उठलो नाही. पडल्या पडल्या मोबाईलमध्ये टिपून घेत राहिलो. पुढच्या चार महिन्यांत त्याची कथा झाली, आजवर लिहिलेल्यातली सगळ्यात बरी असं मला वाटतं. नाव बदललं, लालबागचं परळ केलं, मित्राला वाचायला दिली. तो गेल्या रविवारी मिसळ झाल्यावर घरी आला, आईने पोहे पुढे केले, आणि तो अगदी मनापासून म्हणाला, काकू, तुमची गोष्ट वाचली, रडू आलं मला.

आईने विचारलं, कुठली गोष्ट.

त्याची काहीच चूक नाही, त्याला वाटलं आईला माहीत असणार. आई तेव्हा काही बोलली नाही, त्याला अजून पोहे वाढले, खोबरं घातलं वर. रात्री मी पाणी प्यायला उठलो तर ओट्याशी उभी होती, म्हणाली, दाराआडून ऐकलंस होय रे? एवढंच. आठवडा झाला, नेहमीसारखी वागतेय, डबा देतेय, पण माझ्याशी बोलताना हात कशात तरी गुंतवून ठेवते.

कथा एका दिवाळी अंकाकडे द्यायची आहे, जुलैअखेरपर्यंत मागितलीय. देऊ का? आणि तुम्ही जे लिहिता ते घरच्यांवर, मित्रांवर लिहिताना काय करता? आधी विचारता? नंतर दाखवता?

कण्हेर (रविवार, सकाळी ७:०५)

दादा, तुमच्या आईंना कथेचं दुःख नाही झालेलं, तुम्ही झोपेचं सोंग घेतलंत त्याचं झालंय. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझं सांगते. मी सांगलीजवळ शाळेत शिकवते, ललित लिहिते. सासरच्या वाड्यावर एक लेख लिहिला होता, त्यात सासूबाईंच्या जावेचं आणि त्यांचं विहिरीवरून झालेलं भांडण आलं. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत छापून आला, गावात चार लोकांनी सासूबाईंना दाखवला. तीन महिने त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मला तेव्हा वाटायचं मी किती प्रेमाने लिहिलंय, ह्यांना कसं कळत नाही. पण प्रेमाने लिहिलं हे मला माहीत, त्यांना काय माहीत, त्यांना त्यांचं भांडण पेपरात दिसलं. तेव्हापासून छापायला देण्याआधी ज्याचं आहे त्याला दाखवते. एक लेख त्यामुळे तसाच पडून आहे, पडू दे.

उपनगरी (रविवार, सकाळी ९:३०)

मी थोडं वेगळं म्हणतो. प्रत्येकाला विचारत बसलो तर मराठीत निम्मं लिखाण झालंच नसतं. ती गोष्ट आईंची आहे तशी तुमचीही आहे. कावीळ झाली होती हे खोटं तुम्हाला पस्तीस वर्षं सांगितलं गेलं, त्याच घरात तुम्ही वाढलात, आईचा पहाटे उठायचा स्वभाव, अन्न टाकू न देणं, हे सगळं तुमच्यावरही आलंय की. नावगाव बदललंत, पुरे. मी डोंबिवलीकर, आमच्याकडे चार घरांमागे एक लिहिणारा, सगळे एकमेकांवरच लिहितात आणि संध्याकाळी फडके रोडवर भेटतात.

द्या पाठवून. आईंना अंक हातात आल्यावर अभिमानच वाटेल.

कण्हेर (रविवार, सकाळी ९:५२)

@उपनगरी, अभिमान वाटेलच असं धरून चालणं मला पटत नाही. नाव बदललं तरी मित्राने ओळखलंच ना? नात्यातले तर पहिल्या पानावर ओळखतील.

वर्धेवाला (रविवार, दुपारी १:१५)

भाऊ, सोपं काम आहे, आईले वाचून दाखव. कागद हातात देऊन नको, कागद दिला की माणूस एकटा पडते. जवळ बसून, मोठ्यानं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी माझ्या बाबांवरची कविता अशीच वाचून दाखवली होती, शेतातल्या झोपडीत, ते बिडी ओढत होते, मधात दोन ठिकाणी म्हणाले असं नाही, तसं होतं. ते दोन बदल केले तर कविता उभी राह्यली. २०२३ ला आमच्या वर्ध्यात साहित्य संमेलन झालं तेव्हा कविकट्ट्यावर तीच म्हटली, बाबा समोर बसले होते.

भ्याचं काहून. तुझीच आई आहे न.

शनिवारची_बायको (रविवार, दुपारी ४:४०)

माझा नवरा लिहितो. मी लिहीत नाही, वाचते फक्त, पण आज बोलावंसं वाटलं.

तलावपाळी, तुम्ही दोन ते चारची वाटणी केलीत हे वाचून बरं वाटलं, कारण आमच्याकडे ते ठरायला अकरा वर्षं लागली. शनिवार-रविवार लिहिणाऱ्याला मोकळा मिळतो तेव्हा दुसरं कोणीतरी भांडी, पाहुणे, मुलांचा प्रोजेक्ट, सगळं उचलत असतं. मला त्याचा राग नाही, त्याचं लिखाण मला आवडतं, पण मग त्या घरातल्या बाईचंच बोलणं उचलून कथेत घातलं की वाटतं, वेळही आमचा घेतला आणि शब्दही. माझ्या माहेरच्या एका मरणाचं त्याने लिहिलं होतं. सुंदर लिहिलं होतं. पण मी ते वाक्य त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून बोलले होते, छापायला नव्हे. तेव्हा त्याने आधी एकदा विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, हे मला नक्की माहीत आहे.

आईंशी बोला.

तलावपाळी (रविवार, रात्री १०:२०)

सगळ्यांचे आभार. शनिवारची_बायको, तुमचं बायकोला वाचायला दिलं. तिने वाचून फोन परत दिला आणि म्हणाली, त्या दिवशी आई मला सांगत होत्या, तुला नाही. मला हे सुचलंच नव्हतं. म्हणजे आईने विश्वास तिच्यावर टाकला होता आणि तो तिच्या हातून गेल्यासारखा झाला, तिलाही आईसमोर अवघडायला होतंय.

पुढच्या रविवारी वाचून दाखवतो. ह्या वेळी मित्रांना सांगितलंय सकाळी येणार नाही.

परसदार (सोमवार, पहाटे ५:१०)

मी न्यूजर्सीहून लिहितेय. आमच्याकडे रविवारी सकाळी मुलांची मराठी शाळा असते, मी तिथे शिकवते, आणि शाळा सुरू व्हायच्या आधी गाडीत बसून रत्नागिरीला आईला फोन करते, उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक म्हणजे तिच्याकडे संध्याकाळ, दिवेलागण. माझ्या कथा सगळ्या तिकडच्याच, आणि इथे बसून मला शब्द आठवत नाहीत. मग तिला विचारते, आगोटीआधी लाकडं कुठे रचायचो आपण, मांगरात की पडवीत. ती शब्दाबरोबर अख्खी हकिगत सांगते. सुरुवातीला मी लपवायचे की हे कथेसाठी आहे. एकदा तिनेच विचारलं, तू हे लिहून घेत्येस का गो? हो म्हटलं. तर म्हणाली थांब, मग नीट सांगते. तेव्हापासून ती आठवडाभर आठवून ठेवते माझ्यासाठी.

तुमच्या आईही नीट सांगतील असं मला आतून वाटतंय.

गिरणगाव_जुने (सोमवार, सकाळी ११:००)

मी ७१ वर्षांचा आहे. वडील गिरणीत, मी स्वतः बदली कामगार म्हणून तीन वर्षं काढली. संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते, आणि तो कोणी कधी मागे घेतलाच नाही, नुसता विरत गेला. हे सगळं पुस्तकांत आहे. पुस्तकांत कमी येतं ते तुमच्या आईंचं. आमच्या चाळीत पुरुष माणसं आणि पोरं कोकणात नाहीतर घाटावर गावी गेली, आणि बायका आणि मोठ्या मुली मागे राहिल्या, कारण खोली रिकामी ठेवली तर हातची जाईल ही भीती. दहा बाय बाराची खोली. कोणी पापड लाटले, कोणी मसाले कांडले, कोणी खानावळीत राबलं. नंतर लग्नं झाली आणि त्या मुलींनी सासरी एक अक्षर सांगितलं नाही, कावीळच सांगितली, हिवताप सांगितला. माझी बहीण त्यातलीच.

लिहा असंच मी म्हणेन. पण एक विनंती, कथा मला पाठवता का, कामाचे तपशील बघून देतो. साचे खात्यात कापड विणतात, सूत कातायचं खातं वेगळं. बरेच लेखक इथे घसरतात आणि त्या माणसांना ते फार लागतं.

तलावपाळी (सोमवार, दुपारी १:४५)

काका, तुम्ही बरोबर पकडलंत. माझ्या कथेत आजोबा साच्यावर सूत कातताहेत. आजच मेल करतो.

उपनगरी (सोमवार, रात्री ९:१५)

काकांचं वाचून मी गप्प झालो. माझं कालचं "द्या पाठवून" मागे घेतो. माझ्या आजीचंही असं काही असेल का असा विचार दिवसभर चाललाय, आता विचारायला ती नाही.

तलावपाळी (पुढचा रविवार, संध्याकाळी ६:३०)

वाचून दाखवली.

दुपारी जेवणं झाल्यावर. येऊरच्या बाया जांभळी नाक्याला रानभाज्या घेऊन बसतात, सकाळी आईने टाकळा आणला होता, तो निवडायला तिने परात घेतली आणि मी समोर जमिनीवर बसलो. बायको पण होती, लेकीला शेजारी पाठवलं होतं. मी म्हटलं आई, चुकलो, विचारायला हवं होतं. ती म्हणाली वाच.

बावीस पानं, पाऊण तास. ती पाला खुडत होती, मान वर नाही. शाळा सोडते त्या प्रसंगात मी लिहिलं होतं की वह्या-पुस्तकं रद्दीवाल्याला देतात आणि आजी पदराने डोळे पुसते. तिथे आईचा हात थांबला. म्हणाली, आई रडली नव्हती. आणि पुस्तकं रद्दीत कशाला घालू, शेजारच्या बेबीला दिली, ती त्या जूनमध्ये नववीत जाणार होती. सगळ्यांना नवी कव्हरं घालून दिली, खाकी कागद आणून. कंपासपेटीपण दिली. पण पुढच्या वर्षी मी परत शाळेत गेले ना, तेव्हा पुस्तकं नाही मागितली, कंपासपेटी मात्र जाऊन मागून आणली. एवढं सांगून पुन्हा पाला खुडायला लागली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, तिला राग आला होता बेबीला, बरोबरच होतं तिचं, एकदा दिलेली वस्तू.

मी चार महिने त्या प्रसंगावर घासत होतो आणि मला पदर आणि रद्दीवाला सुचला. खाकी कव्हरं मला सुचलीच नसती कधी.

अजून एक. खानावळवाल्या बाई मी दुष्ट रंगवल्या होत्या, मुलीला राबवून घेणाऱ्या. आई म्हणाली त्यांचे स्वतःचे गिऱ्हाईक संपामुळे उधारीवर जेवत होते, त्यांनी एकालाही बंद केलं नाही, मला पैसे द्यायला त्यांच्याकडे नसायचे तर दोन माणसांचं जेवण द्यायच्या. त्यांना वाईट लिहू नकोस.

शेवटी मी विचारलं, देऊ का अंकाला. तिने परात उचलली आणि म्हणाली, माझं काय नाही रे आता, पण तुझ्या मामाला माहीत नाहीये. तो गावी होता, दहा वर्षांचा. त्याला अजून कावीळच माहीत आहे. त्याच्या शाळेच्या पैशांचं म्हणून आम्ही सांगितलं नव्हतं. त्याला अंकातून कळायला नको.

कण्हेर (रविवार, संध्याकाळी ७:००)

दादा, मी स्वयंपाक थांबवून वाचलं. मामांकडे आईंना घेऊन जा.

वर्धेवाला (रविवार, रात्री ८:१०)

कंपासपेटी!! भाऊ, कथा तिथं आहे.

गिरणगाव_जुने (रविवार, रात्री ९:३०)

जुलै संपायला फार दिवस नाहीत म्हणून घाई करू नका. दिवाळी अंक १९०९ पासून निघताहेत, पुढच्या वर्षीही निघतील. तुमच्या मामांना वेळ द्या. कथा मी वाचली, खुणा करून परत पाठवलीय. सात ठिकाणी खुणा आहेत, रागावू नका. खानावळवाल्या बाईंचं आई म्हणतात ते खरं आहे, त्या बायकांनी गिरणगाव जगवलं.

शनिवारची_बायको (सोमवार, सकाळी १०:२०)

तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा. तिचं अवघडलेपण गेलं का?

तलावपाळी (सोमवार, दुपारी १:३०)

गेलं. काल रात्री दोघी ओट्याशी उभ्या राहून बराच वेळ हसत होत्या, कशावर ते मी विचारलं नाही आणि ह्या वेळी ऐकलंही नाही.

तलावपाळी (त्यापुढचा रविवार, रात्री ११:१५)

आज बदलापूरला जाऊन आलो. मेगाब्लॉक होता म्हणून आई, मी आणि लेक सकाळी आठचीच गाडी पकडली. आईने मामासाठी टाकळ्याच्या वड्या करून घेतल्या होत्या. मी काकांच्या खुणांप्रमाणे दुरुस्त केलेली, कव्हरं आणि कंपासपेटी घातलेली कथा प्रिंट काढून नेली होती.

वाटेत आई खिडकीशी बसली होती, कल्याण गेल्यावर म्हणाली, तूच दे, मला नाही सांगता येणार.

चहा झाल्यावर दिली. वाचून दाखवू का म्हटलं, तर मामा म्हणाला नको, आण इकडे. चष्मा लावून गॅलरीतल्या खुर्चीत बसला. पाऊस होता. मामी आणि आई आत, लेक मामाच्या मांजरीमागे. एकदा वाचून झाल्यावर त्याने पानं सारखी केली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. मी तिथेच बसून होतो, काय करावं कळत नव्हतं.

दुसऱ्यांदा संपल्यावर आत गेला. आई मामीबरोबर कांदे चिरत होती. त्याने विचारलं, ताई, रोज किती भाकऱ्या थापायचीस?

आई म्हणाली, ऐंशी-नव्वद. सणाला कमी.

मग तो काही बोलला नाही. तिच्या हातातली सुरी घेतली, स्वतः कांदे चिरायला बसला, नीट जमत नव्हते, जाड जाड चिरले. जेवताना बाकीच्या गप्पा झाल्या, त्याच्या पेन्शनच्या, लेकीच्या शाळेच्या. निघताना स्टेशनपर्यंत सोडायला आला आणि प्लॅटफॉर्मवर मला बाजूला घेऊन म्हणाला, एवढ्यात देऊ नकोस कुठे. मला अजून एकदा वाचायची आहे. आणि गावचं थोडं मी सांगतो, तू लिहिलंयस त्यात आण्णा गावी जाऊन नुसते बसून आहेत, तसं नव्हतं, ते रोज उठून पोस्टात जायचे. ताईचं पत्र आलंय का बघायला.

आण्णा म्हणजे आमचे आजोबा. हे आईलाही माहीत नव्हतं, गाडीत सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बाहेर बघत राहिली.

तर ह्या वर्षी अंकाला देत नाहीये. संपादकांना कळवलं, ते म्हणाले पुढच्या वर्षी चालेल. मामा पुढच्या रविवारी ठाण्याला येतोय, गावाहून आलेली काही जुनी पत्रं शोधून आणतो म्हणाला. माझ्या मित्रालाही बोलावलंय, आईनेच सांगितलं, त्या दिवशी बिचारा अर्धे पोहे टाकून गेला. आणि आत्ता झोपायला जाताना मला म्हणाली, मंडईत लवकर जा, टाकळ्याच्या पाच-सहा जुड्या आण, माणसं जास्त आहेत.